एडगर कॉड: तुमच्या सातबाऱ्याच्या ॲपमागे कोणाचं डोकं आहे?

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता सगळ्यांना दिसतो. त्याआधी कागदावर काय काय झालं ते मात्र दिसत नाही. कुणाची किती गुंठे जमीन गेली, मोबदला कुणाच्या खात्यात जमा करायचा, हे बघायला सगळ्यात आधी सातबाराच उघडावा लागतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, वारस नोंद झालेली नसेल, किंवा आठ-अ वर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच असेल, तर त्या घराच्या तहसील कचेरीच्या फेऱ्या ठरलेल्या. मुरबाडकर ज्या रेल्वेची इतकी वर्षं वाट बघताहेत, तिलाही जमीन लागणारच आहे. म्हणजे हा प्रश्न तिथेही येणार.

हाच सातबारा आज तुम्ही आसनगाव स्टेशनवर लोकलची वाट बघताना फोनवर काढू शकता. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, १५ रुपये भरायचे, की डिजिटल सहीचा उतारा हजर. राज्यभरातल्या लाखो उताऱ्यांमधून नेमका तुमचाच उतारा त्या कॉम्प्युटरला सापडतो कसा?

माहिती अशी पटकन सापडावी म्हणून ती कशी मांडायची, याचा पाया ज्यानं घातला त्या माणसाची ही गोष्ट. नाव एडगर फ्रँक कॉड. ओळखीचे लोक त्यांना टेड म्हणायचे. ते गेले २००३ मध्ये, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. पण बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, कॉलेजचा प्रवेश, असं कुठलंही मोठं काम करणारं ॲप उघडा, त्याच्या पोटात बहुतेक वेळा कॉड यांचा विचार सापडतो.

विमानातून कॉम्प्युटरकडे

कॉड यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलँड नावाच्या बेटावर झाला. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील चामड्याच्या व्यवसायात, आई शाळेत शिक्षिका. ते ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकत होते, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. विद्यार्थी म्हणून सैन्यातून सूट घेता आली असती, पण ते ब्रिटिश हवाई दलात गेले आणि वैमानिक झाले. पाण्यावर उतरणारी सुंदरलँड जातीची भलीमोठी विमानं ते चालवायचे. युद्ध संपल्यावर परत येऊन त्यांनी पदवी पूर्ण केली.

१९४८ मध्ये ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथे सुरुवातीला त्यांनी मेसीज या मोठ्या दुकानात काउंटरवर कपडे विकले. मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं. १९४९ मध्ये त्यांना आयबीएममध्ये नोकरी लागली. तेव्हा आयबीएमचं एक अवाढव्य गणनयंत्र न्यूयॉर्कमध्ये रस्त्यालगतच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. ते इतकं मोठं होतं, की येणारे-जाणारे काचेतून थांबून बघायचे. कॉड त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहू लागले. प्रोग्रॅमर हा शब्दसुद्धा तेव्हा फारसा कुणी ऐकला नव्हता.

१९५३ मध्ये त्यांनी ही चांगली नोकरी सोडून दिली. त्या काळात अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांच्या मागे लागण्याचा धडाका लावला होता. पुरावा असो नसो, नाव घेतलं गेलं की माणसाची नोकरी आणि अब्रू दोन्ही धोक्यात. हे कॉड यांना पटलं नाही. निषेध म्हणून ते देश सोडून कॅनडात ओटावाला गेले. पुढे जुन्या साहेबांशी योगायोगानं गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. हा माणूस तत्त्वाच्या बाबतीत मागे हटत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. हाच स्वभाव पुढे कामी आला आणि आडवाही आला.

चाळिशी जवळ आल्यावर, इतर लोक प्रमोशनच्या मागे असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठातून १९६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रत स्वतः तयार करणारं यंत्र. थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राची मांडणी करताना प्रत्येक चौकटीला २९ वेगवेगळ्या अवस्था दिल्या होत्या. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत बसवून दाखवलं. अवघड गोष्टीतला अनावश्यक पसारा काढून टाकायचा, हीच त्यांची खरी हातोटी.

जुन्या तलाठ्याशिवाय अडलेलं दप्तर

साठच्या दशकाच्या शेवटी कॉड कॅलिफोर्नियात सॅन होजेला, आयबीएमच्या संशोधन केंद्रात आले. कंपन्या तोपर्यंत आपली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरू लागल्या होत्या, पण ती पुन्हा बाहेर काढताना घाम फुटायचा.

का? जरा आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पूर्वी सज्जातलं सगळं दप्तर गाठोड्यांत असायचं. कुठलं गाठोडं कुठल्या कपाटात आणि कुठली वही कुठल्या गाठोड्यात, हे वर्षानुवर्षं तिथे बसलेल्या तलाठ्यालाच ठाऊक. त्याची बदली झाली की कागद असूनही सापडत नाही. आणि कुणी आवराआवर करून गाठोडी हलवली, तर जुन्या माणसालाही सापडत नाही.

तेव्हाचे डेटाबेस अगदी असेच होते. आयबीएमचा आयएमएस नावाचा डेटाबेस तर अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला जन्माला आला होता. त्यात माहिती झाडासारखी मांडलेली असायची. खोड, खोडाला फांदी, फांदीला डहाळी. हवी ती माहिती मिळवायला प्रोग्रॅमरला वाट सांगावी लागायची: खोडापासून सुरू कर, तिसऱ्या फांदीवर जा, तिथून खाली उतर. मांडणी थोडी बदलली की वाट चुकली आणि प्रोग्रॅम बंद पडला. मग एकेक प्रोग्रॅम बसून दुरुस्त करायचा. मालकाला एखादा नवा प्रश्न पडला, तरी त्याचं उत्तर काढायला पुन्हा प्रोग्रॅमरच लागायचा.

वैमानिक राहिलेल्या, गणितात मुरलेल्या कॉड यांना यात एक मूलभूत चूक दिसली. माहिती कुठे ठेवली आहे, हे विचारणाऱ्यानं का लक्षात ठेवायचं? त्यानं फक्त काय हवं ते सांगावं. शोधायचं कसं, ते यंत्रानं बघावं.

१९७० चा तो लेख

१९६९ मध्ये त्यांनी ही कल्पना कंपनीतल्या अंतर्गत अहवालात मांडली आणि जून १९७० मध्ये ती कॉम्प्युटर क्षेत्रातल्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. लेख जेमतेम दहा-अकरा पानांचा. पुढच्या पन्नास वर्षांचा सॉफ्टवेअरचा धंदा त्यावर उभा राहिला.

त्यात त्यांनी सांगितलं ते असं. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. गणितात अशा तक्त्यासारख्या रचनेला रिलेशन म्हणतात, म्हणून या पद्धतीला रिलेशनल डेटाबेस हे नाव पडलं. तक्त्यांमध्ये एकमेकांशी नातं असतं म्हणून हे नाव आलं, असं पुष्कळ जणांना वाटतं, पण ते खरं नाही. प्रत्येक ओळीची ओळख पटवायला एक वेगळा क्रमांक हवा. आणि दोन तक्ते जोडायला वाट, दोरी, बाण काही नको. तोच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात लिहिलेला असला की पुरे.

हे सातबाऱ्यावर लावून बघा. समजा, शहापूर तालुक्यातल्या एका आजींच्या नावावर तीन गट आहेत. तिन्ही उताऱ्यांवर त्यांचं नाव वेगवेगळं हातानं लिहिलंय. एकीकडे सीताबाई, दुसरीकडे सिताबाई, तिसरीकडे नुसतं सीता. घरच्यांना कळतं की ही एकच बाई. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मात्र त्या तीन वेगळ्या बायका आहेत. एका उताऱ्यावरची चूक दुरुस्त केली तरी बाकीच्या दोन तशाच राहतात. मोबदला वाटायची वेळ आली की मग तिन्ही सीताबाई एकच आहेत हे सिद्ध करत बसा.

कॉड यांच्या पद्धतीत आजींचं नाव एकदाच लिहायचं, खातेदारांच्या तक्त्यात, खाते क्रमांकासमोर. गटांच्या तक्त्यात फक्त तो खाते क्रमांक. नावात दुरुस्ती करायची तर ती एकाच जागी होते आणि तिन्ही गटांना आपोआप लागू पडते. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, बाकी सगळीकडे तिचा फक्त क्रमांक. तक्ते असे नीट पाडण्याच्या कामाला नॉर्मलायझेशन म्हणतात. त्याच्या पायऱ्याही कॉड यांनीच पुढच्या एक-दोन वर्षांत घालून दिल्या.

गंमत म्हणजे आपल्या महसूल खात्याच्या कागदी वह्यांत हा विचार काही अंशी आधीपासून होता. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा हक्क, बारामध्ये पिकं, आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनी, सहामध्ये फेरफार. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो, तो धरून नमुना सहामध्ये गेलं की नाव कधी आणि कशामुळे चढलं ते कळतं. क्रमांकानं वह्या जोडणं म्हणजे हेच. फक्त कागदावर तेच नाव अनेक वह्यांत हातानं उतरवावं लागायचं, आणि तिथेच घोळ व्हायचा.

घरच्यांनीच ऐकलं नाही

एवढी चांगली कल्पना, मग आयबीएमनं ती डोक्यावर घेतली असेल? नाही. आयएमएसमधून कंपनीला भरपूर पैसा मिळत होता. चालतं दुकान बंद करून नवीन कोण उघडणार? शिवाय बऱ्याच इंजिनिअरांना वाटायचं, की हे गणित कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात फार हळू चालेल. ही शंका अगदीच चुकीची नव्हती. तेव्हाचे कॉम्प्युटर आजच्या स्वस्तातल्या फोनपेक्षाही कितीतरी कमी ताकदीचे होते.

कॉड गप्प बसले नाहीत. ते थेट आयबीएमच्या मोठ्या ग्राहकांना आपली पद्धत समजावून सांगू लागले. मग ग्राहकच कंपनीला विचारू लागले, की हे तुम्ही आम्हाला कधी देणार? १९७४ मध्ये एका परिषदेत चार्ल्स बाकमन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. बाकमन जुन्या, वाट दाखवणाऱ्या पद्धतीचे मोठे जाणकार होते आणि त्यांना आदल्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. त्या चर्चेनंतर तरुण संशोधक मोठ्या संख्येनं कॉड यांच्या बाजूला झुकले.

शेवटी आयबीएमनं सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू केला. त्यात डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी प्रश्न विचारायची एक भाषा तयार केली. तिचं नाव आधी सिक्वल होतं. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क असल्यामुळे एसक्यूएल झालं. आज कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीला गेलात तर एसक्यूएल येतं का, हे विचारतातच. त्याच सुमारास बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस नावाचा डेटाबेस उभा केला. आज जगभर फुकट वापरला जाणारा पोस्टग्रेस हा त्याच घराण्यातला.

आयबीएम प्रयोगातच अडकलेली असताना लॅरी एलिसन नावाच्या एका तरुणानं तिचे छापून आलेले लेख वाचले. आपल्या साथीदारांसोबत त्यानं छोटी कंपनी काढली आणि १९७९ मध्ये आयबीएमच्या आधी एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस बाजारात आणला. त्याचं नाव ओरॅकल. पहिल्याच आवृत्तीला त्यांनी आवृत्ती २ म्हटलं, म्हणजे गिऱ्हाइकाला नवखं वाटू नये. आयबीएमचं स्वतःचं पहिलं उत्पादन १९८१ मध्ये आलं. ज्या घरात कल्पना जन्मली, त्या घराच्या आधी शेजाऱ्यानं तिच्यावर दुकान थाटलं.

मान मिळाला, समाधान नाही

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटरच्या जगातलं हे नोबेलच समजा. तरी ते समाधानी नव्हते. एसक्यूएलमध्ये एकच ओळ दोनदा लिहिता येते, रिकाम्या जागांचा हिशोब नीट लागत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कल्पना बाजारात गेली खरी, पण अर्धीमुर्धी, असं त्यांना वाटायचं.

१९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली. एव्हाना प्रत्येक कंपनी आपल्या जुन्याच मालावर रिलेशनल अशी चिठ्ठी चिकटवून विकू लागली होती. तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी बारा नियम जाहीर केले. जो डेटाबेस हे पाळेल तोच खरा रिलेशनल. त्यांनी मोजायला शून्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे बारा म्हणता म्हणता ते तेरा झाले. सगळे नियम पूर्णपणे पाळणारं उत्पादन बाजारात नव्हतंच.

त्यांच्या कामाची एक बाजू फारशी कुणाला माहीत नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी राँदेव्हू नावाचा प्रयोग केला होता. ज्याला कॉम्प्युटरचं काही येत नाही अशा माणसानं साध्या इंग्रजीत प्रश्न विचारावा, यंत्राला समजला नाही तर त्यानं उलट विचारून खात्री करून घ्यावी आणि मग उत्तर द्यावं. आज आपण फोनला मराठीत बोलून प्रश्न विचारतो. हे व्हायला हवं, असं ज्यांना पन्नास वर्षांपूर्वी वाटलं त्यांच्यात कॉड होते.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. एलिसन तोपर्यंत जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले होते. कॉड शेवटपर्यंत मुख्यतः संशोधक आणि सल्लागारच राहिले.

तुमच्या उपयोगाचं काय?

तुमच्यातले काही जण कल्याण-ठाण्याला क्लास लावून जावा, स्प्रिंग किंवा डॉट नेट शिकत असतील. ऑफिसांची, बँकांची, सरकारी कामांची मोठी वेब ॲप्स याच साधनांनी बनतात. अशा ॲपचे साधारण तीन मजले असतात. वर स्क्रीन, मध्ये नियम आणि हिशोब सांभाळणारी सेवा, तळाला डेटाबेस. हायबरनेट किंवा एंटिटी फ्रेमवर्क यांसारखी साधनं मधल्या मजल्यावर बसून एसक्यूएल स्वतःच लिहून देतात. त्यामुळे नव्या मुलांना वाटतं, की तळमजल्यावर उतरायची गरजच नाही.

इथेच गाडी घसरते. स्क्रीन चुकली तर दोन दिवसांत बदलता येते. तक्ते चुकीचे पाडले तर ती चूक दहा-दहा वर्षं सगळ्यांना भोवते, कारण तोपर्यंत त्यात लाखो माणसांची माहिती जाऊन बसलेली असते. म्हणून नवीन ॲप सुरू करताना आधी कागद-पेन घ्या. कोणकोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची ते लिहा. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा क्रमांक द्या. एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली जातेय का, ते तपासा. मग कीबोर्डला हात लावा. सराव करायला मोठा सर्व्हर लागत नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा रिलेशनल डेटाबेस आधीपासून आहे. तुमचे कॉन्टॅक्टसुद्धा त्यातच तक्त्यांत बसलेत.

आणि जे प्रोग्रॅमिंग शिकत नाहीत त्यांनीही एक काम करावं. घरचा सातबारा, आठ-अ आणि त्यावरचा फेरफार, हे तिन्ही फोनवर उघडा आणि खाते क्रमांक, गट क्रमांक, फेरफार क्रमांक धरून एकमेकांशी ताडून बघा. कॉड यांनी तक्ते जोडून दिले, पण तक्त्यात काय भरलंय ते खरं की खोटं हे तक्त्याला कळत नाही. हाताच्या लिखाणातली चूक कॉम्प्युटरमध्ये उतरली, तर ती तितक्याच सुबकपणे छापून येते. नाव किंवा क्षेत्र उतरवताना लेखनाची चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वारस नोंद राहिली असेल तर ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन अर्ज करता येतो.

हे आजच करा. रस्ता किंवा रेल्वे बांधाशी आल्यावर नाही.